अक्राच्या रापणीतला वाटा

अक्राला पोचल्यावर पहिले नऊ दिवस मी खोलीच्या दाराची कडी काढली ती फक्त नवरा कामावरून आला की. अक्रा म्हणजे घाना देशातलं मोठं शहर, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, आणि मी मालवणी मुलखातल्या कट्टा गावची, माहेर समुद्रकाठच्या शिरोड्याचं, शाळा नववीत सुटलेली, अक्राच्या आधी सगळ्यात लांब गेले ती कोल्हापूरला नणंदेच्या ऑपरेशनला. विमानात मी मुलीला इतकी घट्ट धरली होती की बाजूच्या बाईने खुणेनं सांगितलं, जरा सैल सोड, तिला श्वास घेऊ दे. मुलगी तेव्हा आठ महिन्यांची.

नवरा काजूच्या कामातला. कट्ट्याकडे एका कारखान्यात तो बी पारखायचा, म्हणजे गोणीत हात खुपसून मूठभर बी काढायची, चिरायची, आतला गर बघायचा आणि गोण घ्यायची की परत करायची ते सांगायचं. आमच्याकडे पुष्कळ बी आफ्रिकेतूनच येते, म्हणून एका व्यापाऱ्यानं त्याला तिकडेच ठेवला, जहाजात चढायच्या आधी बी बघायला. तो गेला तेव्हा मला पाचवा महिना होता. मुलगी झाली ती त्यानं फोनवरच बघितली.

म्हणून मुलगी त्याला ओळखत नव्हती. विमानतळावर त्यानं हात पुढे केले आणि तिनं असा टाहो फोडला की पोलीस वळून बघायला लागला. घरी पण तेच, त्याचं तोंड दिसलं की रडायची. एके दिवशी तो दाढी मिशी सगळं काढून आला, तर जास्तच घाबरली. "माझ्या तोंडार काय लिवलेला आसा गो?" असं म्हणून तो हसायचा, पण मग बाहेर जाऊन नळाशी उभा राहायचा, पाणी नको असलं तरी.

मला तर सगळ्याचंच भय. डासाचं, तापाचं, रस्त्यावरच्या हॉर्नचं, न कळणाऱ्या बोलण्याचं, कुणी दार वाजवलं तर काय बोलू याचं. नवव्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, "माका घराक धाडा."

तो जेवत होता. घास खाली ठेवला नाही, चावत राहिला, मग म्हणाला, "व्यापाऱ्याचो एक माणूस तीन आठवड्यांनी मुंबयक जातलो. तेच्यावांगडा धाडतंय दोघांक. पण तवसर हय खोलयेत कुजत बसू नको. आंटी तुका भायर न्हेतली. मगे तूच सांग, जातंस काय ऱ्हवतंस. मी एक शब्द बोलूचंय नाय."

आणि हात धुताना बोललाच. "गेलंस तर चेडू माका दोन वर्सांनी बघतला. तेवा काका म्हणतला."

आंटी म्हणजे आमच्या आवारात कपडे धुवायला यायची ती बाई. तिकडे मोठ्या वयाच्या सगळ्याच बायकांना आंटी म्हणतात. पन्नाशीची असेल, अंगानं भरलेली, पाच मुलं वाढवलेली, आधी मासे धुरावर सुकवायचा धंदा करायची, धुरानं डोळे गेले म्हणून सोडला असं सांगायची पण एक मैलावरची बस तिला दिसायची. ती इंग्रजी बोलायची, तिच्या पद्धतीचं, आणि मला इंग्रजी येतं ते शाळेत उरलं तेवढं. पण दोन दिवसांत काय झालं कुणास ठाऊक, तिचं बोलणं माझ्या कानात मालवणीच होऊन शिरायला लागलं. म्हणून इथे तसंच लिहिते.

पहिल्या दिवशी मी मुलीला कमरेवर घेऊन दारात उभी राहिले. आंटीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कमरेर? बाजार येयसर मोडान पडशीत."

तिनं खांद्यावरचं दोन वार कापड काढलं, मला वाकवलं, मुलीला माझ्या पाठीवर पालथी घातली, कापड गुंडाळून माझ्या छातीवर असं खोचलं की गाठ नाही, पिन नाही, काही नाही. मी सरळ झाले तर मुलगी पाठीला चिकटलेली, पण मला दिसेना. ते भय वेगळंच. आठ महिने ती माझ्या डोळ्यासमोर होती आणि आता नुसता गरम भार. दहा पावलं चालले की हात मागे नेऊन चाचपायचे.

"आसा मां?" मी आंटीला विचारायचे.

"आसा. खंय जातला?"

शेवटी आंटी मागून चालायला लागली आणि मी पुढे. शहर दाखवायला आलेली बाई मागे, आणि जिला रस्ता माहीत नाही ती पुढे, असे आम्ही तीन आठवडे फिरलो. ती मागून सांगायची, डावीकडे वळ, गटार आहे, आता थांब. आणि न विचारता मधेमधे, "झोपला." मग थोड्या वेळानं, "उठला. माका जीभ दाखयता."

तिकडे ट्रोट्रो म्हणून गाड्या असतात, आपल्या सहा आसनीसारख्या, पण मोठ्या. भरल्याशिवाय हलत नाहीत. कंडक्टर दारातून अर्धा बाहेर लोंबून कुठे जाणार ते ओरडत असतो. मी पहिल्यांदा चढले तेव्हा मुलीला पाठीवरून काढायला लागले, तर चार बायकांनी एकदम हात केले आणि मुलगी हातोहात मागच्या सीटवर गेली, मी बसले, मग तशीच परत माझ्या मांडीवर आली. एवढ्या वेळात मला घाम फुटला. ती मात्र कुणाच्या हातात रडली नाही. बापाला बघून रडणारी ती, चार परक्या बायकांकडे बघून हसली. मी हे त्या दिवशी नवऱ्याला सांगितलं नाही.

बाजारात मी टोमॅटोवाल्या बाईला विचारलं, हाऊ मच. तिनं तोंड फिरवलं. परत विचारलं, तर ती शेजारणीशी बोलायला लागली. मला वाटलं, परकी बघून करते. आंटीनं मागून माझ्या दंडाला चिमटा काढला. "आदी बरी आसस काय ता इचार. ती काय माणूस नाय?" मग मी गुड मॉर्निंग म्हटलं, घर कसं आहे, मुलं कशी आहेत, जेवढं येत होतं तेवढं, आणि बाई अशी वळली जशी मला आत्ताच बघते आहे. म्हटलं, हे तर कट्ट्याच्या आठवडा बाजारासारखंच. तिथे सासूची तब्येत विचारून झाल्याशिवाय लाल माठाची जुडी मिळत नाही. फक्त तिथे ते मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्याच बाजारात भेंडी विकणाऱ्या एका म्हातारीनं मुलीच्या गालावरचं काजळाचं बोट बघितलं, थुंकी लावून स्वतःच्या कापडाच्या टोकानं पुसलं. काजळी लागली असं वाटलं तिला. दृष्ट लागू नये म्हणून लावलेलं ते. मी डबी काढून परत लावलं. तिनं परत पुसलं, जरा रागानं, काय आई आहे म्हणून. मी परत लावलं. आजूबाजूच्या बायका काम सोडून बघायला लागल्या. शेवटी आंटीनं तिला काय ते सांगितलं, तेव्हा म्हातारीनं जवळ खेळणाऱ्या नातीचा झगा वर करून कमरेला बांधलेली मण्यांची माळ दाखवली. मी माझ्या मुलीचा करदोटा दाखवला, काळ्या दोऱ्याचा. म्हातारी लांबलचक काहीतरी बोलली.

"काय म्हणता?" मी विचारलं.

"म्हणता, मगे आदी सांगूचा नाय?"

असं करत करत मी बाहेर पडायला लागले. भय गेलं नाही, पण भय घेऊन चालायला यायला लागलं. तिकडे कुणी जेवत असेल आणि तुम्ही समोरून गेलात तर तो म्हणतो, या, तुम्हाला आमंत्रण आहे, रस्त्यावर बसून खाणारा माणूस सुद्धा. आंटीच्या घरी तिनं मला केंके खायला घातलं, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे, मक्याच्याच पानात गुंडाळून उकडलेले. मला वाटलं पातोळीसारखं गोड असेल, तर आंबट, आंबोळीचं पीठ जरा जास्त दिवस राहिलं की येतो तसला वास. सोबत तळलेला मासा आणि वाटलेली मिरची. आंटीच्या मुली मी मिरची खाऊन रडते का बघायला बसल्या होत्या. मी बोट बुडवलं आणि आणखी मागितली. त्यांचा हिरमोड झाला.

एक दिवस एका सुताराच्या दुकानात लाकडाचा मोठा मासा दिसला, माणसाएवढा, निळा रंगवलेला, खवले एकेक काढलेले. मी खुळ्यासारखी पुढे गेले, हात फिरवला, मुलीला कडेवर घेऊन तिच्याकडून शेपटीवर थोपटून घेतलं. म्हटलं, देवाच्या मिरवणुकीचं असेल. आंटी म्हणाली, "एका खलाश्याचो. शनवारी पुरतले तेका." ती मेलेल्या माणसाला ठेवायची पेटी होती. जो जसा जगला तशी पेटी करतात तिकडे. मी घरी येऊन आधी मुलीला आणि मग स्वतःला डोक्यावरून आंघोळ घातली, कपडे भिजवले, आणि सोमवारी तेच कपडे आंटीनं धुतले. धुताना हसत होती. "मासो आवाडलो हुतो मां तुका?"

पण समुद्र मी बघितला नव्हता. आंटी न्यायची म्हणाली, मीच टाळलं. समुद्र बघितला की शिरोडा आठवणार आणि मग मी उरलेले दिवस काढू शकणार नाही, असं वाटायचं. एका मंगळवारी ती म्हणाली, आज चल, आज समुद्राला सुट्टी आहे. तिकडे मंगळवारी कुणी होडी घालत नाही, समुद्राला एक दिवस आराम. गेलो तर खरंच, सगळ्या होड्या वाळूवर, रंगीबेरंगी, माणसं सावलीत जाळी विणत बसलेली. लाटा तेवढ्या काम करत होत्या. मी लांबूनच बघितलं आणि परत आले.

विमान रविवारी होतं. शुक्रवारी आंटी म्हणाली, माझी नणंद किनाऱ्यावर असते, तिला भेटायचंय, तू पण चल, शेवटचं. मुलगी पाठीवर बांधून मी गेले. आंटी नणंदेला शोधायला होड्यांच्या पलीकडे गेली आणि मी वाळूत उभी राहिले.

समोर रापण ओढत होते.

माझा बाप शिरोड्याच्या रापणीवर होता. होडी जाळं टाकत टाकत समुद्रात मोठा वळसा घेऊन येते, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात, आणि दोन्हीकडून माणसं पाय रोवून, मागे मागे जात ते ओढतात. शाळेत जायच्या आधी मी कितीदा त्या दोराला लागले असेन. इथे पण तेच. गाणं वेगळं होतं, पण ज्या जागी श्वास सोडायचा आणि ज्या जागी ओढायचं ते तेच. शेवटच्या माणसाच्या मागे दोर वाळूत सुटा पडला होता. मी काही ठरवलं नाही. वाकून उचलला आणि टाचा वाळूत रुतवल्या. पुढच्या माणसानं वळून बघितलं, पाठीवर मूल घेतलेली परदेशी बाई बघून डोळे मोठे केले, आणि गाणं चालूच ठेवलं. पाठीवर मुलगी माझ्याबरोबर मागे पुढे झुलत होती. पाऊण तास ओढला असेल. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भय आठवलं नाही.

जाळं वर आलं. बारीक चांदीचे मासे, आमच्या पेडव्यांसारखे, ढीगच्या ढीग उडत होते. आणि आमच्याकडे रीत अशी की दोराला हात लावला की वाटा. कालवणापुरते मासे ज्यानं त्यानं आपणच उचलायचे. विचारलं तर उलट हसतात. म्हणून मी ढिगापाशी उकिडवी बसले आणि ओढणीत दोन ओंजळी भरून घेतले.

गाणं थांबलं. एका बाईनं माझं मनगट धरलं. दुसरी ओरडायला लागली, मग तिसरी, मग सगळ्याच. काय झालं ते मला कळेना. मुलगी उठून रडायला लागली, आणि मागून कुणाचे तरी हात तिला सोडवायला आले, गप्प करायलाच आले असतील, पण मला वाटलं मूल काढून घेतात. मी पाठ होडीला लावली आणि मालवणीत बोलत सुटले, माका सोडा, माका सोडा, ओढणीतले मासे पायावर पडत होते.

आंटी धावत आली. तिला धावताना मी तेवढ्याच वेळी बघितलं. येऊन तिनं आधी मुलीला काढून छातीशी धरलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"चोरी कित्याक केलंस?"

"चोरी नाय. वाटो."

तिकडे मासळीची एक राणी असते. खरोखरची, बायकांनी निवडलेली. मासे किनाऱ्यावर आले की ती भाव ठरवते, आणि ती बोलेपर्यंत त्या ढिगाला होडीचा मालक पण हात लावत नाही. मी लावला होता, तिच्या डोळ्यासमोर. ती बाजूलाच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती, सुकलेली, लहानशी, दोरी बांधलेला चष्मा घातलेली म्हातारी. आंटीनं मला तिच्यापुढे उभी केली. मी इंग्रजी शोधत होते आणि एक शब्द सापडत नव्हता, म्हणून तळहात पुढे केले. दोन्ही सोलून निघाले होते, रक्त आणि वाळू. फादर म्हटलं, आणि दोर ओढून दाखवला, मग ओंजळ भरून ओढणीत टाकून दाखवली. फादर. आवर प्लेस. सगळे.

राणीनं माझे हात धरून उताणे केले आणि चष्मा वर करून बघितले. मग आंटीला काहीतरी विचारलं.

"खंयच्या समुद्रारची, म्हणान इचारता."

"शिरोड्याच्या."

आंटीनं ते सांगितलं. राणीनं मान हलवली, असेल म्हणून. एक बाई मागून काहीतरी बोलली आणि सगळ्या हसल्या. मी आंटीकडे बघितलं.

"म्हणता, हिच्या गावाक राणी नाय काय? मी सांगलंय, थंय सगळ्येच राणये."

मला मासे ढिगात परत ठेवायला लावले, सगळे, पायाखालचा एक राहिला होता तो सुद्धा. मग राणीनं भाव सांगितला, बायका टोपल्या घेऊन तुटून पडल्या, आणि त्या गर्दीत राणीनं स्वतःच्या हातानं एक वाडगा भरून माझ्या ओढणीत ओतला. दोन तरुण बायका तेवढ्यात माझी नक्कल करत होत्या, उकिडवं बसायचं, ओढणी पसरायची, इकडे तिकडे न बघता भरायचं. इतकी हुबेहूब की मलाच हसू आलं. राणी काहीतरी बोलली.

"म्हणता, फुडच्या येळाक दोराक लाग, पण मासो माझ्या हातान घी," आंटीनं सांगितलं.

मी मान हलवली, येस येस म्हटलं.

आंटी हसली नाही. "तिका खोटा सांगा नको. ती इसारना नाय. आयतवारी जातलंस तर तसा सांग."

राणी माझ्याकडे बघत होती. सांगायला काय, एक बोट आभाळाकडे दाखवून विमान केलं असतं तरी तिला कळलं असतं. मी उभी राहिले. हात वर गेला नाही. मग राणीला दुसऱ्या कुणीतरी हाक मारली आणि तिचं लक्ष गेलं.

परत येताना ट्रोट्रोत मुलगी आंटीच्या मांडीवर झोपली होती. माझ्या ओढणीतून मासळीचं पाणी गळत होतं आणि शेजारचा माणूस पाय आखडून बसला होता, पण रागावला नाही.

घरी आले तर नवरा आलेला. माझे हात बघून उठला. "काय केलंस ह्या?" मी सगळं सांगितलं, एका दमात, मासे साफ करता करता, आणि मिठाचं पाणी हाताला झोंबत होतं तर मधे मधे थांबत. आंटीला घरी जायचं होतं. तिनं मुलीला माझ्या पाठीवर द्यायला घेतलं, मग कढईकडे बघितलं, मी तेल तापत ठेवलं होतं. "तापल्या तेलाकडे चेडू पाठीर घेवन नाय," म्हणाली, आणि काही न विचारता नवऱ्याला वाकवलं. तो वाकला. तिनं झोपलेल्या मुलीला तशीच त्याच्या पाठीवर सरकवली आणि कापड त्याच्या छातीवर आवळून खोचलं. बाहेरच्या वॉचमननं ते बघितलं आणि तो हसून हसून भिंतीला टेकला, तिकडे पुरुष पाठीवर मूल बांधत नाहीत. आंटी त्याला काहीतरी म्हणाली आणि गेली.

नवरा हलेना. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. मी गावाहून आणलेली कोकमाची सोलं घालून सार केलं, थोडे मासे तळले. तळणीच्या आवाजानं मुलगी उठली. मी वळून बघितलं, आता रडणार म्हणून. तिला त्याचं तोंड दिसत नव्हतं. मान दिसत होती आणि एक कान. तिनं तो कान धरला, ओढला, सोडला, परत धरला. मग गाल त्याच्या पाठीला लावून डोळे उघडे ठेवून तशीच पडून राहिली.

"काय करता?" त्यानं विचारलं, अगदी हळू.

"बगता."

"रडणा नाय?"

"नाय."

मी पान वाढलं. तो खुर्चीकडे गेला, बसायला वाकला, मुलीनं कुरकुर केली, तसा परत सरळ झाला. ताट हातात घेऊन उभ्यानंच जेवायला लागला, एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत, त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा वरती न बघता म्हणाला, "सकाळी व्यापाऱ्याच्या त्या माणसाक फोन करूचो आसा. काय सांगू?"

"सांगा, मी जावचंय नाय."

तो चावत राहिला. मी त्याच्या ताटात आणखी एक मासा ठेवला, तो कडक झाला होता, आणि म्हटलं काटे बघून खावा, पाठीर चेडू आसा, ठसको लागलो तर उठात.